व्याघ्रजातक आणि तापीखोऱ्यातील रानांचा इतिहास

जातकट्ठकथेच्या तिकनिपातात २७२ व्या क्रमांकावर ‘व्यग्घजातक’ नावाची एक लहानशी कथा आहे. छद्दन्त, महाकपि वा वेस्सन्तर या जातकांची कीर्ती तिच्या वाट्याला आलेली नाही. तिचा आशय असा : एका अरण्यात दोन वृक्षदेवता राहत होत्या. त्याच अरण्यात एक सिंह आणि एक वाघ होता. त्यांच्या भीतीने कोणी तेथे शेत करीत नसे की झाडाला कुऱ्हाड लावीत नसे. परंतु हे दोघे नाना प्राणी मारून खात व उरलेले तेथेच टाकीत, त्यामुळे रानात दुर्गंधी पसरे. तिला कंटाळलेल्या एका देवतेने या दोघांना हाकलून देण्याचे ठरविले. दुसरी देवता म्हणजे बोधिसत्त्व. त्याने तिला समजाविले की आपली वसतिस्थाने यांच्यामुळेच सुरक्षित आहेत. यांची पावले दिसेनाशी झाली की माणसे हे रान तोडून टाकतील. तिने ऐकले नाही. भयंकर रूप धारण करून तिने त्या दोघांना पळवून लावले. माणसांना ते कळताच त्यांनी रानाची एक बाजू तोडली. घाबरलेली देवता सिंह-वाघांना परत आणावयास गेली, पण ते आले नाहीत. थोड्याच दिवसांत सगळे रान तुटले आणि तेथे शेते झाली.

अट्ठकथेने ही कथा कोकालिक भिक्खूच्या प्रसंगाला जोडली आहे. सारिपुत्त आणि मोग्गल्लान या थोर स्थविरांबरोबर त्याला राहताही येईना आणि त्यांच्यावाचूनही राहता येईना, असा तो संदर्भ आहे. म्हणजे कथाकाराला सांगावयाचे होते ते सत्संगतीविषयी, वनसंरक्षणाविषयी नव्हे. आजकाल प्राचीन ग्रंथांतून ‘पर्यावरणशास्त्र’ काढून दाखविण्याचा जो उत्साह दिसतो, त्याविषयी आम्ही थोडे साशंक आहोत. तथापि दृष्टांत ज्या अनुभवावर उभा असतो तो अनुभव श्रोत्यांच्या परिचयाचा असावा लागतो. हिंस्र पशू गेले की रान जाते आणि रान गेले की नांगर येतो, हा क्रम त्या काळच्या श्रोत्यांनी पाहिलेला असल्याखेरीज ही कथा रचली गेली नसती. महाभारताच्या उद्योगपर्वातही वन आणि वाघ परस्परांचे रक्षण करतात अशा आशयाचे वचन आढळते. तेव्हा हा विचार कोणा एका संप्रदायाचा नसून, गंगेच्या खोऱ्यात जंगल तोडून शेती वाढत असताना लोकांच्या सामान्य शहाणपणात जमा झालेला होता, असे मानावयास हरकत नाही.

या कथेतील क्रम आपल्या खानदेशात इतिहासकाळात, कागदोपत्री नोंदला जाईल इतक्या अलीकडे, पुन्हा एकदा घडला. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा मागोवा सावदा आणि त्याच्या उत्तरेचा सातपुडा यांना मध्यवर्ती ठेवून घेणार आहोत.

सावदा आज रावेर तालुक्यात मोडते. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश-खंड प्रसिद्ध झाला तेव्हा सावदा हाच तालुका होता. गावाच्या उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापी, आणि दोहोंच्या मध्ये काळ्या गाळाची समृद्ध पट्टी. जगातील जीवसंहतींची मांडणी करताना शास्त्रज्ञ विषुववृत्तीय सदाहरित वने, गवताळ प्रदेश, वाळवंटे, सूचिपर्णी वने, टुंड्रा असे मोठे विभाग पाडतात. त्यांतील ‘उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वन’ हा आपल्या सातपुड्याचा विभाग होय. साग, सालई, धावडा, तेंदू, मोह, खैर, पळस आणि खानदेशचा खास म्हणावा असा अंजन ही त्याची झाडे. सदाहरित वनांचे कौतुक जगभर झाले. ॲमेझॉनचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. उन्हाळ्यात सगळी पाने गाळून उघड्या पडणाऱ्या या रानाला मात्र कोणी रान म्हणावयासही तयार नसते. वास्तविक डॅनियल जँझेन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९८८ साली असे प्रतिपादन केले की उष्णकटिबंधातील मोठ्या परिसंस्थांमध्ये सर्वांत अधिक धोक्यात आहे ती ही शुष्क वनेच. कारण उघड आहे. येथली हवा माणसाला व गुरांना मानवते, जमीन पिकाला चांगली असते, आणि कोरड्या ऋतूत आगीने रान साफ करणे फार सोपे असते. जेथे माणसाला राहावेसे वाटते तेथले रान आधी जाते.

हे रान एके काळी केवढे होते याचे काही पुरावे आहेत. अजिंठ्याची लेणी ज्या वाघूर नदीच्या वळणावर कोरली आहेत ती पुढे तापीलाच मिळते. आणि नदीच्या नावात वाघ आहे हे वाचकांना सांगावयास नको. सतराव्या लेण्यातील शिलालेखात ऋषीक देशाच्या राजकुलाचा उल्लेख येतो, आणि हा ऋषीक म्हणजे खानदेश असे म. म. वा. वि. मिराशी यांचे मत आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील या लेण्याच्या भिंतींवर हत्तींचे कळप, मृग आणि वानर ज्या सहजतेने चितारले आहेत ती केवळ ऐकीव माहितीवर साधणारी नव्हे. छद्दन्त जातक तर दहाव्या आणि सतराव्या अशा दोन्ही लेण्यांत आहे. चित्र हा वनस्पतिशास्त्राचा वा प्राणिशास्त्राचा पुरावा नव्हे, हे खरे. चित्रकार परंपरेनेही चित्रे काढतो. परंतु त्यानंतर हजारांहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त रानटी हत्ती सापडण्याची जी ठिकाणे दिली आहेत, त्यांत बिजागड आहे. बिजागड म्हणजे आजच्या खरगोण जिल्ह्यातील सातपुडा. आमच्या यावल-चोपड्याच्या डोंगरांची ती उत्तरेकडची बाजू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जेथे बादशहाच्या पिलखान्यासाठी हत्ती धरता येत होते, तेथे आज रानहत्ती नावालाही नाही. छद्दन्ताचे सुळे कापून नेणारा सोणुत्तर व्याध एकच होता; येथे ते काम शेकडो वर्षे आणि हजारो हातांनी झाले.

तरीही मोठा पालट झाला तो एकोणिसाव्या शतकात. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. त्याआधीच्या वीस वर्षांत होळकरांच्या स्वाऱ्या, पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३ चा दुष्काळ यांनी हा प्रांत उजाड झाला होता. गावे ओस पडली होती आणि शेतांत पुन्हा रान उगवले होते. वाघ गावांच्या शिवेपर्यंत येत. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या दरीत उतरला तोही वाघाच्या शिकारीसाठीच. लेणी सापडली हा त्या दिवसाचा उपलाभ. बौद्ध विद्येच्या इतिहासात ही तारीख आपण कृतज्ञतेने स्मरतो. परंतु तिच्या दुसऱ्या बाजूकडे आपल्यापैकी कोणी फारसे पाहत नाही : या प्रांतात वाघाच्या मागावर बंदुका घेऊन निघालेल्या एका दीर्घ मिरवणुकीचा तो आरंभकाळ होता.

१८२५ साली जेम्स औट्रम याने खानदेशात भिल्ल पलटण उभारली. धरणगाव हे तिचे ठाणे. भिल्लांचा विश्वास संपादन करण्यासाठी त्याने शिकारीचा उपयोग केला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १८२५ ते १८३४ या काळात त्याने व त्याच्या सोबत्यांनी १९१ वाघ मारले, अशी नोंद आहे. एका अधिकाऱ्याच्या एका टोळीचा हा हिशेब. सरकार वाघ मारणाऱ्यास बक्षीस देत असे, त्यामुळे इतरांच्या शिकारींची भर वेगळीच. त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या मनात वाघ, भिल्ल आणि रान ही तिन्ही एकाच प्रश्नाची तीन अंगे होती, हे विसरून चालणार नाही. तिघांनाही ‘वश’ केल्याखेरीज नांगर चालणार नव्हता आणि नांगर चालल्याखेरीज सारा येणार नव्हता. व्यग्घजातकातील देवतेने दुर्गंधीला कंटाळून वाघ हाकलला. कंपनी सरकारने सारा वाढावा म्हणून. हेतू वेगळे, पुढचा क्रम तोच.

येथे सम्राट अशोकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाली असता, त्याने अनेक प्राण्यांना अवध्य ठरविले आणि विनाकारण वा जीवहिंसेसाठी रानाला आग लावण्यास मनाई केली. हा लेख आपण वारंवार अभिमानाने उद्धृत करतो. परंतु त्याच अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अटवीतील लोकांना उद्देशून केलेली समजूत आहे, आणि तिच्यामागे पश्चात्ताप झालेल्या राजाच्याही हाती असलेल्या सामर्थ्याची जाणीव स्पष्टपणे करून दिली आहे. राज्य आणि रानातील माणूस यांच्यामधला ताण धम्मराज्यातही संपला नव्हता. रानाविषयी दया आणि रानवासीयाविषयी धाक या दोन गोष्टी एकाच राजाच्या मुखी येऊ शकतात, हे ध्यानात ठेवले तर पुढचा सगळा इतिहास अधिक नीट समजतो.

१८५२ साली खानदेशात जमीन मोजणीचे काम सुरू झाले, तेव्हा सावद्यास मोठा उठाव झाला. दहा ते पंधरा हजार लोक जमले होते, असे इंपीरियल गॅझेटियर नोंदविते. लष्कराची तुकडी येऊन तिने पुढाऱ्यांना पकडले तेव्हा जमाव पांगला. मोजणीने सारा वाढेल ही शेतकऱ्यांची धास्ती होती, आणि ती अस्थानी म्हणता येणार नाही. सावद्याच्या इतिहासात या घटनेस योग्य ते स्थान अजून मिळालेले नाही, असे आम्हांस वाटते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मोजणीचा परिणाम निराळा आहे. मोजणीनंतर प्रत्येक तुकड्यास क्रमांक मिळाला आणि प्रत्येक तुकडा ‘पिकाऊ’, ‘पडीत’ किंवा ‘सरकारी जंगल’ यांपैकी काही तरी झाला. जो पडीत तो उद्या पिकाऊ व्हावयाचा, हे गृहीतच होते. गायरान, नदीकाठची झुडपी, डोंगराच्या पायथ्याचे विरळ रान यांना स्वतःचे असे प्रयोजन उरले नाही.

पुढची पंचवीस वर्षे घाईची आहेत. १८६० नंतर रेल्वे भुसावळपर्यंत आली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले आणि खानदेशची काळी जमीन कापसाखाली गेली. भुसावळहून सावदा, निंभोरा, रावेर, बऱ्हाणपूर असा खांडव्याकडे जाणारा लोहमार्ग १८७० पर्यंत जबलपूरला व पुढे कलकत्त्याला जोडला गेला. रुळांखालच्या पट्ट्यांस लाकूड लागे, इंजिनाला सरपण लागे. मग १८६५ व १८७८ चे वनकायदे आले आणि सातपुड्याचे उरलेले रान राखीव झाले. रान वाचविण्याचा हा कायदा होता हे खरे. त्याबरोबरच ते कोणासाठी वाचवावयाचे याचा निर्णयही त्यात होता. तडवी, पावरा आणि भिल्ल ज्या रानात मोह वेचीत, दळी करीत, तेथे ते एका रात्रीत गुन्हेगार ठरले. हा अन्याय कायद्याने मान्य होण्यास २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. मधली सव्वाशे वर्षे वनखाते आणि वनवासी एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले, आणि त्या संशयाच्या आडोशाला लाकूडचोर मात्र निर्धास्तपणे वावरले.

या उजाडीत काय काय गेले त्याची संपूर्ण यादी होणे नाही. एका पक्ष्याची हकीकत तेवढी सांगतो, कारण तिच्यात आमच्यासारख्या हस्तलिखिते चाळणाऱ्यांना विशेष रस वाटावा. रानपिंगळा हे एक लहान घुबड. ॲलन ह्यूम याने १८७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकारंभी पश्चिम खानदेशात त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो कोणास दिसला नाही. अपवाद एकच : रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संग्रहात १९१४ सालचा, गुजरातेतील तापीकाठच्या मांडवीचा म्हणून एक नमुना होता. पुढे सलीम अली व डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनी शोध घेतला, पण पक्षी मिळाला नाही. अखेर तो नमुनाच चोरीचा निघाला. डेव्हिडसनच्या संग्रहातील कातडे उचलून, त्यास नवे रूप देऊन, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. खोट्या पुष्पिकेमुळे एखाद्या ग्रंथाचा काळ शतकभर चुकावा, तसाच हा प्रकार. पामेला रासमुसेन या संशोधिकेने ती लबाडी उघडकीस आणली, खोटी स्थळे यादीतून वगळली, खरी स्थळे तेवढी हाती धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी तिला रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. नंतरच्या पाहण्यांत तो तोरणमाळ, यावल आणि मेळघाटातही आढळला. पाठचिकित्सेने एक पक्षी परत मिळाल्याचे हे उदाहरण आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. तो एवढी वर्षे होता तेथेच होता. पानझडी रानाकडे कोणी पाहत नव्हते, इतकेच.

आता पाण्याकडे वळू. सावदा-रावेर-फैजपूर पट्टीची सुबत्ता ज्या पाण्यावर उभी आहे ते वस्तुतः सातपुड्याचे पाणी आहे. सुकी, मोर, भोकर या नद्या डोंगर उतरून येताना दगडगोटे, वाळू व रेती आणतात आणि पायथ्याशी ते टाकून देतात. या गोट्यावाळूच्या पट्ट्यास भूशास्त्रज्ञ ‘बझाडा’ म्हणतात. येथे नदीचे पाणी जमिनीत झपाट्याने मुरते आणि मातीच्या पोटातून सावकाश तापीकडे सरकते. बऱ्हाणपूर येथे अब्दुल रहीम खानखानान याच्या काळी, १६१५ साली, बांधलेला कुंडी भंडारा याच तत्त्वावर चालतो. डोंगराकडून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांतून, ठिकठिकाणी कुंड्या ठेवून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. इराणात ही विद्या जुनी आहे. ज्यांनी ती येथे आणली त्यांना डोंगर, रान आणि विहीर यांचे नाते पुरते उमगले होते. झाडे पावसाचा मारा झेलतात, पालापाचोळा पाणी थोपवून धरतो, आणि मगच ते मुरते. डोंगर उघडा झाला की तेच पाणी एका दुपारी लोंढ्याने तापीस जाते आणि बरोबर माती नेते.

कुंडी भंडाऱ्यात जेवढे पाझरेल तेवढेच पाणी घेता येत असे. विजेच्या पंपाने ही मर्यादा काढून टाकली. विसाव्या शतकात या पट्टीत केळी आली, वाढली, आणि सावदा व रावेर ही स्थानके उत्तरेकडे जाणाऱ्या केळीच्या वाघिणींसाठी प्रसिद्ध झाली. जळगाव जिल्ह्यात आज सुमारे पन्नास हजार हेक्टरांवर केळी आहे आणि २०१६ साली ‘जळगाव केळी’स भौगोलिक मानांकनही मिळाले. मृगबाग असो की कांदेबाग, केळीस बारमाही पाणी लागते. विहिरी आटल्या म्हणून कूपनलिका आल्या, कूपनलिका आटल्या म्हणून अधिक खोल कूपनलिका आल्या. भूजलाच्या सरकारी मूल्यांकनांत रावेर आणि यावल हे तालुके अतिउपशाच्या वर्गात नोंदले गेले आहेत. ठिबक सिंचन या पट्टीने लवकर व मनापासून स्वीकारले, हे येथील शेतकऱ्यांच्या बुद्धीचे लक्षण आहे. परंतु ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी एक बाग उभी राहिली, तर जमिनीच्या पोटातील शिल्लक वाढत नाही.

केळीविषयी पालि वाङ्मयात जे आढळते ते या प्रसंगी सांगण्यासारखे आहे. संयुत्तनिकायाच्या फेणपिण्डूपमसुत्तात संस्कारांना केळीच्या खोडाची उपमा दिली आहे. गाभ्याचे लाकूड शोधणारा माणूस केळ तोडून तिची सोपटे एकेक करून काढीत जातो आणि त्याला साधे लाकूडही मिळत नाही, मग गाभा कोठला? दुसऱ्या एका ठिकाणी, देवदत्ताच्या संदर्भात, फळ हेच केळीच्या नाशाचे कारण होते असा दृष्टांत येतो. घड उतरला की खोड संपले, हे सावद्याच्या कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक आहे. विनयपिटकात भेसज्जक्खन्धकात भिक्खूंना ज्या आठ पेयांची अनुज्ञा आहे त्यांत ‘चोच’ आणि ‘मोच’ ही दोन येतात. अट्ठकथेच्या मते चोच म्हणजे बियांच्या केळ्यांचे पेय आणि मोच म्हणजे बिनबियांच्या. पाचव्या शतकातील अट्ठकथाकारास दोन्ही प्रकारची केळी माहीत होती. आज आपल्या बागांतून चोच हद्दपार आहे. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही सारी एकाच कॅव्हेंडिश कुळातील आणि बीजहीन. कंदापासून वा उतिसंवर्धनाने वाढविलेली, म्हणजे एकाच झाडाच्या प्रतिकृती. विनयातील भूतगामाच्या पाच प्रकारांत बीजबीज हा एक प्रकार आहे. कॅव्हेंडिशला तो उपलब्धच नाही. एकाच प्रतीवरून लाखो नकला कराव्यात आणि मूळ प्रतीतील दोष सगळ्यांत उतरावा, तशी ही अवस्था. मध्य अमेरिकेतील ‘ग्रो मिशेल’ केळी पनामा रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यापारातून उठली, तेव्हा तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो भारतात बिहार व उत्तर प्रदेशात पोहोचला आहे. आपल्याकडे अलीकडच्या काही पावसाळ्यांत ‘हरण्या’ या विषाणुरोगाने रावेर-यावलमध्ये उभ्या बागा उपटून फेकाव्या लागल्या. रानात शंभर जातींची झाडे असतात म्हणून एक रोग सगळे रान नेत नाही. शेताला तो आधार नसतो; त्याच्या शेजारी रान असणे हाच त्याचा आधार.

येथे ‘भूतगाम’ शब्द आलाच आहे, तर एक खुलासा करणे अगत्याचे आहे. वनस्पती तोडण्याबद्दल भिक्खूंस पाचित्तिय आपत्ती सांगणारा नियम आळवीच्या भिक्खूंवरून घालून दिला गेला. त्यांच्यापैकी एकाने झाड तोडले, तेथील देवतेची तक्रार आली, आणि लोकही कुरकुरले, कारण लोक झाडास एकेंद्रिय जीव मानीत. हा नियम संघासाठी होता; गृहस्थाच्या शेतीस त्याने मनाई केली नाही. वनस्पतींना संवेदना आहे असे आरंभीच्या बौद्धांचे निश्चित मत होते काय, यावर लँबर्ट श्मिटहाउझेन या जर्मन पंडिताने १९९१ साली स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. या नियमाचा आधार घेऊन शेतकऱ्यास दोषी ठरविणे आम्हांस मान्य नाही. ज्याची हयात एका हेक्टराच्या बागेवर अवलंबून आहे त्यास बोल लावावयाचा आणि ज्या धोरणांनी त्याला त्या बागेवर आणून सोडले त्यांच्याविषयी मौन पाळावयाचे, हे अभ्यासकास शोभत नाही.

‘जीवावरण’ ही संज्ञा एडवर्ड स्यूस याने १८७५ साली योजिली आणि व्ह्लादिमीर वेर्नाद्स्की याने १९२६ च्या ग्रंथात तिला आजचा अर्थ दिला. युनेस्कोने १९७१ मध्ये ‘मानव आणि जीवावरण’ हा कार्यक्रम हाती घेतला. त्यातून पुढे आलेली जीवावरण राखीव क्षेत्रांची कल्पना आम्हांस विशेष विचारार्ह वाटते, कारण तिच्यात रानाचा गाभा राखून भोवती माणसांची वस्ती व व्यवहार मान्य केलेले आहेत. भारतात निलगिरी हे १९८६ साली पहिले झाले. सातपुड्यात पचमढी १९९९ मध्ये घोषित झाले आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या जाळ्यात आले. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता अहवालाने सांगितले की पृथ्वीच्या भूभागापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग माणसाने लक्षणीय रीतीने बदललेला आहे, आणि सुमारे दहा लक्ष जाती नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत. २०२२ मध्ये माँट्रियल येथे राष्ट्रांनी २०३० पर्यंत पृथ्वीचा तीस टक्के भाग संरक्षित करण्याचे ठरविले. आकडे मोठे आहेत. त्यांच्या तुलनेत १९६९ साली घोषित झालेले आमचे यावल अभयारण्य १७७ चौरस किलोमीटरांचे. पाल, जामन्या, लंगडा आंबा ही त्यातली नावे. अस्वल, बिबट्या, सांबर, चौशिंगा अजून आहेत. आगी, अतिक्रमणे आणि चोरटी तोड यांनी ते वारंवार जखमी झाले आहे. तरीही सुकीचे पाणी ज्या डोंगरातून येते त्याचे उरलेसुरले आच्छादन हेच.

१० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या राज्यांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार केला. तापीचे पावसाळी पाणी वळवून कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात सोडावयाचे आणि ते जमिनीत मुरवावयाचे, अशी ही योजना आहे. जे काम रान फुकट करीत होते ते आता धरण आणि कालवे करतील. योजना व्हावी, असेच आम्ही म्हणू. पट्टीची तहान खरी आहे. मात्र उघड्या डोंगरावरून येणारा गाळ मुरवणीच्या जागा बुजवून टाकतो, हे पाझरतलावांच्या अनुभवावरून सर्वांना माहीत आहे. म्हणून कालव्याच्या अंदाजपत्रकाबरोबरच वरच्या अंजन-सालईच्या उतारांचेही अंदाजपत्रक झाले पाहिजे, आणि त्या उतारांवर राहणाऱ्या तडवी-पावरा गावांना वनहक्क कायद्याने मिळालेले सामूहिक रानाचे अधिकार प्रत्यक्षात त्यांच्या हाती गेले पाहिजेत. राखण त्यांच्याखेरीज कोण करणार?

व्यग्घजातकात देवता वाघाला बोलावण्यास गेली आणि तो आला नाही. तापीच्या दक्षिणेस, मुक्ताईनगर तालुक्यातील डोलारखेडा-वढोदा परिसरात मात्र तो न बोलावता आला आहे. मेळघाटाकडून रानारानाने आलेले वाघ येथे राहिले, वाढले, आणि २०१४ साली सुमारे १२२ चौरस किलोमीटरांचे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. रानाच्या सीमेला लागूनच केळीच्या बागा आहेत. वीज रात्रीची असते, त्यामुळे शेतकऱ्यास रात्री पाणी द्यावयास बागेत जावे लागते. केळीचा गारवा वाघालाही मानवतो. दिवसा वीज द्यावी ही तेथील गावकऱ्यांची मागणी आम्हांस अत्यंत वाजवी वाटते. ती माणसाच्या हिताची आहे तशीच वाघाच्याही. तेथून यावलच्या रानाकडे जावयाचे तर वाघाला पूर्णा आणि तापी ओलांडाव्या लागतात, महामार्ग आणि दोन लोहमार्ग ओलांडावे लागतात, आणि मध्ये झाडीचा सलग पट्टा आता फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे.